बोकडाचं तोंड कुणीकडे

कुठे काम करता, असं कुणी विचारलं की मी ‘झेंड्यांच्या कारखान्यात’ म्हणायचे, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: “कोणत्या पक्षाचे?” शनिवार पेठेत आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका तर निवडणूक जवळ आली की मला जिन्यात गाठून, यंदा तुमची चांदी आहे, असं सांगायचे. आमचे झेंडे जर्मनीतल्या लहान लहान गावांचे असतात, हे मी त्यांना पुष्कळदा समजावलं. त्यावर त्यांनी विचारलं, “खेड्यांना कशाला लागतात झेंडे?” प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर देण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि काकांचं समाधान अजून झालेलं नाही.

तर जर्मनीत असं असतं, की चार गल्ल्या, एक चर्च, एक आगीचा बंब आणि एक भांडखोर पंचायत एवढं जमलं की त्या गावाला स्वतःचा झेंडा लागतो, आणि झेंड्यावर स्वतःची ढाल. ढाल म्हणजे गावाचं चिन्ह. कुणाच्या ढालीवर पाणचक्कीचं चाक, कुणाच्या तीन मासे, कुणाच्या नांगराचा फाळ. एका गावाच्या ढालीवर नुसता एक सलगम होता आणि त्या गावाला त्याचा इतका अभिमान होता की सलगमाची पानं एका छटेने फिकी आली म्हणून त्यांनी सगळा माल परत पाठवला. झेंडे उन्हापावसात विटतात, वाऱ्याने फाटतात, नवे लागतात. तिकडच्या एका व्यापाऱ्यामार्फत ते छापून, शिवून पाठवण्याचं काम आमच्या मालकांनी मिळवलं. सुरुवातीला कारखाना शनिवार पेठेतच दोन खोल्यांत होता. पुढे खराडीला गेला. तिथे खालच्या मजल्यावर सॉफ्टवेअरवाली मुलं होती. लिफ्टमध्ये माझ्या हातातला झेंडा बघून एकाने विचारलं, “मॅम, ही कुठली कंट्री?” कंट्री नाही, आपल्या या बिल्डिंगपेक्षा कमी माणसांचं गाव आहे, असं मी म्हटलं. “ओह, स्टार्टअप,” तो म्हणाला.

मी जर्मन शिकले होते आणि घरी शिकवण्या घेत होते. मालकांनी विचारलं, खेड्यातल्या सरपंचांशी फोनवर बोलाल का? मी लगेच हो म्हटलं. जर्मन माणूस म्हणजे मोजकं, मुद्द्याचं बोलणारा, अशी माझी समजूत होती. ती शहरातल्या जर्मनांना लागू असेल. खेड्यातला सरपंच तिकडेही दिवसभर स्वतःचा धंदा बघतो आणि उरलेल्या वेळात गाव बघतो, त्यामुळे तो ट्रॅक्टरवरून, बेकरीतून, एकदा तर दाढदुखीच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसल्या बसल्या फोन करायचा.

धंद्याची खरी गंमत अशी, की गावाचं चिन्ह चित्रात नसतं, वाक्यात असतं. सरकारदरबारी मंजूर होतं ते एक वाक्य: हिरव्या ढालीवर चांदीचा, चालता बोकड, शिंगं सोन्याची, जीभ लाल. चित्रकाराने बोकड आपल्या हाताने हवा तसा काढावा, पण वाक्यातला एक शब्द सोडायचा नाही आणि पदरचा एक घालायचा नाही. चांदी म्हणजे पांढरा, सोनं म्हणजे पिवळा. मी फोनवर दिवसभर सोनं-चांदी करत असल्यामुळे, माझा सराफीचा काहीतरी जोडधंदा आहे, अशी अफवा आमच्या गल्लीत बरीच वर्षं होती.

दुसरी गोष्ट डाव्या-उजव्याची. ढालीची उजवी बाजू म्हणजे बघणाऱ्याची नव्हे, ढाल धरणाऱ्याची. म्हणजे आपल्याला जी डावी दिसते ती ढालीची उजवी, आणि तीच मानाची. हे मला पाठ्यपुस्तकातून दोन दिवस कळलं नव्हतं. मग मी डब्याचं ताट छातीसमोर धरून उभी राहिले तेव्हा उजेड पडला.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यापायी हा लेख लिहिते आहे: झेंड्यावरच्या प्राण्याचं तोंड नेहमी काठीकडे असतं. झेंडा घेऊन माणूस पुढे निघाला की प्राणीही पुढे निघालेला दिसला पाहिजे. तोंड उलटीकडे असेल तर तो पळून चालल्यासारखा दिसतो.

आमचे चित्रकार आणि मुख्य कारागीर बबनराव. धायरीचे, शेतकरी घरातले. आधी देवळांच्या भिंती रंगवायचे, बँडवाल्यांचे, तालमींचे पडदे करायचे. हात असा की रेघ एकदाच मारायची आणि खोडरबर कुठे आहे ते विचारायचं नाही. पण वाक्यात पदरचं घालायचं नाही, हे त्यांना पटायला फार वेळ लागला. एका गावाचा लाल बैल होता. मी वाक्य मराठीत करून दिलं आणि घरी गेले. सकाळी येऊन बघते तर बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळ, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. मी डोक्याला हात लावला. बबनराव शांतपणे म्हणाले, “मॅडम, गावाच्या मानाचा बैल हाय. उघडाबोडका कसा चढवायचा ढालीवर?” ते चित्र बाजूला ठेवलं, साधा बैल काढून घेतला. पण पहिला नमुना चुकून आधीच तिकडे गेला होता. तिकडच्या पंचायतीने अर्थातच तो नाकारला. त्याच गावच्या आगीच्या बंबवाल्यांनी मात्र आपल्या वार्षिक जेवणासाठी घुंगुरमाळवाला बैलच पाहिजे म्हणून हट्ट धरला. तो अजून त्यांच्याकडे आहे असं ऐकते.

गावांची नावं एवढी लांब, की पावतीवर मावायची नाहीत. म्हणून कारखान्यात आम्ही त्यांचं बारसं आमच्या सोयीने केलं होतं. तिकडे एका नावाची दोन गावं शेजारी असली की एक वरचं असतं आणि एक खालचं. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द, म्हणजे मोठं आणि धाकटं. अर्थ थोडा वेगळा, भांडणं तीच. त्यामुळे ‘बोकड बुद्रुक’ आणि ‘चक्की खुर्द’ ही दोन गावं आमच्याकडे आली तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

दोन्हींच्या मध्ये एक ओढा. बुद्रुकच्या ढालीवर बोकड, खुर्दच्या ढालीवर पाणचक्कीचं चाक. बुद्रुकच्या सरपंचांचा गोठा होता आणि ते धारेच्या वेळेला फोन करायचे, त्यामुळे आमच्या प्रत्येक संभाषणात मध्ये मध्ये गाईंचं मत यायचं. खुर्दच्या सरपंचबाई निवृत्त शिक्षिका. माझ्या जर्मनमधली चूक दुरुस्त केल्याशिवाय त्यांनी एकही वाक्य पुढे जाऊ दिलं नाही. हे दोघं एकमेकांशी बोलत नसत. कशावरून बिनसलं होतं हे मला कधी कळलं नाही, आणि त्यांनाही आठवत असेल याची खात्री नाही. बुद्रुकचे सरपंच मला म्हणायचे, त्यांना सांगा. बाई म्हणायच्या, त्यांना कळवा. ओढ्याच्या अलीकडून पलीकडे जाणारा निरोप आधी पुण्याला यायचा.

तोवर हे चाललं होतं, कारण दोघांच्या ऑर्डरी वेगळ्या. मग सरकारने ठरवलं की ही दोन्ही गावं नव्या वर्षापासून एकच पंचायत होणार. नव्या पंचायतीला नवी ढाल लागणार, आणि जुन्या दोन्ही रद्द. दोन्ही पंचायतींनी मिळून एक चित्र ठरवायचं होतं. नाही ठरलं तर एका सल्लागाराने काढून ठेवलेलं नवं चिन्ह मंजूर व्हायचं. ते मला पाठवलं होतं. एक हिरवी वेलांटी आणि एक निळी वेलांटी. बबनरावांनी ते बराच वेळ निरखलं आणि विचारलं, हे कुठल्या टूथपेस्टचं आहे.

बुद्रुकच्या सरपंचांनी त्या दिवशी गोठ्यातून बाहेर येऊन फोन केला, म्हणून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. त्यांनी बोकडाची हकिकत सांगितली. त्यांच्या गावात पूर्वी गाई पाळण्याची ऐपत कुणाची नव्हती. सगळे बकऱ्या पाळायचे आणि आसपासची गावं त्यांना त्यावरून चिडवायची. पुढे ढाल घ्यायची वेळ आली तेव्हा यांचे वडील सरपंच होते. त्यांनी चिडवायचं नावच ढालीवर चढवलं. “मी गेलो तरी चालेल,” ते मला म्हणाले, “पण माझ्या हातून बोकड जायला नको.” ते जर्मनमध्ये बोलत होते. मराठीत आणताना त्यातलं काही सांडलं असेल तर तो दोष माझा.

आता भांडण काय होतं ते सांगते. ढालीचे दोन भाग करायचे, एकात बोकड, एकात चाक, इथवर दोघांना मान्य होतं. बुद्रुक मोठं, म्हणून मानाची बाजू बोकडाला, म्हणजे आपल्याला दिसते ती डावी. झेंड्याची काठीही डावीकडे. बोकडाचं तोंड काठीकडे. म्हणजे बोकडाची पाठ कुणाकडे?

हे पहिल्यांदा खुर्दच्या बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी शब्द मोजून वापरले. नव्या गावाच्या झेंड्यावर या बोकडाचं ढुंगण कायमचं आमच्या चाकाकडे असणार असेल, तर आमच्या पंचायतीचं मत वेलांट्यांना जाईल.

मी बुद्रुकला कळवलं, की बोकडाचं तोंड फिरवून चाकाकडे करू. सभ्यपणा म्हणून तसं करायची पद्धत या धंद्यात आहेही. पलीकडे गाय हंबरली. मग सरपंच म्हणाले, काठीकडे पाठ करून आमचा बोकड पळून जाणार नाही. मी म्हटलं, बरं, मग चाक मानाच्या बाजूला ठेवा, बोकड आपोआप त्याच्याकडे बघेल. त्यावर ते म्हणाले, मानाची जागा सोडली तर गावात मला पाव विकत मिळणार नाही.

पंधरवडाभर मी बोकड उचलून इकडून तिकडे ठेवत होते. मालकांनी एकदा विचारलं, ही सगळी उस्तवार आपण कशाला करतोय? आपण झेंडे शिवतो. त्यांचं बरोबर होतं. पण मला त्या माणसाचा आवाज ऐकून राहवत नव्हतं, आणि बबनरावांना तर त्याहून. ते एरवी गावाविषयी फार बोलायचे नाहीत. त्या दिवशी डबा खाताना म्हणाले, “आमची धायरी शहरात गेली तवा पंचायतीचा बोर्ड उतरवला. मी तितंच हुतो. मीच रंगवल्याला. कुटं ठिवला कुणास ठाऊक.” एवढंच म्हणाले आणि पोळीचा तुकडा मोडला.

आणि मग मला आमच्या धंद्यातला एक शब्द आठवला. पूर्वी एका सिंहासाठी लागला होता. मागे वळून पाहणारा. अंग पुढे, पावलं पुढे, फक्त मान वळवून नजर मागे. म्हणजे बोकड काठीकडेच चालत राहील, मानाच्या बाजूलाच राहील, आणि बघेल चाकाकडे. कायद्यात बसत होतं. मी स्वतःवर इतकी खूश झाले की मालकांना न विचारता सगळ्यांना चहा मागवला.

बबनरावांनी चहा घेतला आणि नकार दिला. मागं बघत चाललेला बोकड म्हणजे खाटकाकडं चाललेला, असं चित्र मी काढणार नाही, म्हणाले. मी विनवलं. मग त्यांनी एक काढला. तो आपल्यामागे वसुलीवाला लागल्यासारखा बघत होता. दुसऱ्याची मान आखडल्यासारखी दिसत होती. तिसरा काढण्याआधी ते म्हणाले, एकदा खरा बघून येतो.

पण धायरीत आता बोकड कुठे मिळतो? लहानपणी दारात पायात यायचे, त्या रस्त्यावर त्यांना एकही दिसला नाही. एका सोसायटीमागे बकरी ओरडली म्हणून ते आत गेले तर वॉचमनने कुठल्या फ्लॅटला जायचं आहे म्हणून अडवलं. मटणाच्या दुकानाबाहेर एक बांधलेला होता, पण त्याच्याकडे बघवेना. शेवटी सिंहगडाच्या बाजूला बरंच पुढे जाऊन एक म्हातारी बकऱ्या चारताना सापडली. बबनराव तिथे बसून राहिले. बोकड आपला पुढे चालला होता. म्हातारीने त्याला नावाने हाक मारली. त्याने पाय न थांबवता मान वळवली आणि बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काढलेला बोकड मी पाहिला. तो घाबरलेला नव्हता, रागावलेला नव्हता. आपल्या माणसाने हाक मारल्यावर बघावं, तसा बघत होता. जीभ लाल, शिंगं सोन्याची, वाक्याबाहेर एक रेघ नाही.

दोन्ही पंचायतींनी तो मंजूर केला. बुद्रुकच्या सभेत म्हणे सांगितलं गेलं की बोकड पुढेच चालला आहे. खुर्दच्या सभेत सांगितलं गेलं की तो आपल्याकडेच बघतो आहे. सल्लागाराच्या वेलांट्या गेल्या. नव्या पंचायतीची निवडणूक झाली, त्यात खुर्दच्या बाई सरपंच म्हणून निवडून आल्या, आणि बुद्रुकचे सरपंच आपल्या गोठ्यात परत गेले. तिकडून झेंडा चढवतानाचे फोटो आले. बबनरावांनी ते घरी नेऊन बायकोला दाखवले.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण काही महिन्यांनी बुद्रुकच्या माजी सरपंचांचा फोन आला. एक झेंडा पाहिजे होता. जुना. एकटा बोकड, सरळ समोर बघणारा. घरामागच्या बागेत लावायला, वडिलांची आठवण म्हणून.

आता आमचा नियम असा, की पंचायतीच्या होकाराशिवाय कुठल्याही गावाची ढाल छापायची नाही. ढाल गावाची असते, माणसाची नव्हे. जुनी पंचायत राहिलेली नव्हती. तिचं जे काही होतं ते नव्या पंचायतीकडे गेलं होतं, आणि नव्या पंचायतीच्या सरपंच खुर्दच्या बाई. म्हणजे या माणसाला स्वतःच्या बागेत स्वतःचा बोकड लावायला त्यांची परवानगी लागणार होती. मी हे सांगितलं तेव्हा पलीकडे धारेची बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “आपण विचाराल का त्यांना?”

“आपल्या घरातून त्यांचं घर दिसतं ना?”

“दिसतं,” ते म्हणाले. “म्हणूनच.”

इतकी वर्षं मी त्यांचे निरोप पोचवले होते, आणखी एकाने मला काही जड जाणार नव्हतं. पण त्या दिवशी माझ्यातली शनिवार पेठ जागी झाली. मी अगदी कोरड्या आवाजात सांगितलं, की अशा अर्जासाठी अर्जदाराने स्वतः जाऊन होकार आणावा लागतो, पुण्याचा तसा नियम आहे. असा कुठलाही नियम नव्हता. मालक समोरच बसले होते आणि त्यांना तेवढं जर्मन कळत होतं. ते समोरच्या पावत्या लावू लागले.

मग बरेच दिवस काही नाही. मला धाकधूक लागली, की हा माणूस काही ओढा ओलांडत नाही, आणि माझ्या आगाऊपणापायी त्याचा बोकड कायमचा गेला. बबनराव रोज सकाळी आल्यावर माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायचे.

शेवटी फोन आला तो बाईंचा. ते येऊन गेले होते. कोट घालून, टोपी हातात धरून. केक खाल्ला, हवेविषयी बोलले, गाईंविषयी बोलले, पुन्हा केक खाल्ला आणि निघताना दारात उभं राहून बोकडाविषयी विचारलं. परवानगी आहे, त्या म्हणाल्या, करा झेंडा.

मी सावधपणे विचारलं, काही अट? म्हणजे तोंड कुठल्या बाजूला, काठी बागेत कुठे रोवायची?

“अट कशाला?” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे वारा जवळजवळ नेहमी पश्चिमेकडून येतो, आणि त्यांच्या पश्चिमेला आमचं गाव आहे. झेंडा उडतो पूर्वेकडे, आणि बोकडाचं तोंड काठीकडे. मी शाळेत शिकवत होते तेव्हापासून बघते आहे. त्यांच्या पंचायतीवरचा तो बोकड सगळा वेळ आमच्याकडेच बघत असायचा.”

मी थक्क झाले. इतक्या सभा, इतके निरोप, तिसऱ्या बोकडासाठी सिंहगडापर्यंतची पायपीट. मी विचारलं, हे आपण तेव्हाच का नाही सांगितलं?

त्यांनी आधी माझं एक क्रियापद दुरुस्त केलं. मग म्हणाल्या, “सांगितलं असतं, तर तो बोकड मागायला ते घरी आले असते का?”

मी फोन ठेवला आणि बबनरावांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, जुन्या बोकडाची छपाई काढली आणि मशीनवर बसले. “काठीकडची पट्टी दुहेरी टाकतो,” ते म्हणाले. “तिकडनं वारा लई येतोय म्हंता, तर टिकाया पायजे.”